तंबूला कुलूप

तंबूला कुलूप लावण्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. घराला लावतो, कपाटाला लावतो, सायकलला लावतो. मग ज्यात आपलं सगळं सामान ठेवायचं त्या कापडाच्या घराला लावलं तर बिघडलं कुठं? पण हल्ली मी जिन्यात दिसलो की लोकांना खोकला येतो. परवा तर खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, ज्यांच्याशी माझं साधं बोलणंही नाही, दार उघडून म्हणाले, "काय साहेब, सगळं कडीकुलपात ना?" म्हणून म्हटलं, खरं काय घडलं ते एकदाचं सांगून टाकावं.

सुरुवात बायकोनं केली. त्या दिवशी साडू आमच्याकडे जेवायला आले होते. आमचे साडू म्हणजे धाडसी माणूस. डोंगर चढतात, होड्या वल्हवतात, आणि जेवताना त्याबद्दल बोलतात. त्यांच्यासमोर आपणही बायकोची हौस पुरवणारे आहोत हे दिसावं म्हणून मी मोठ्या दिलानं हिला विचारलं, "अगं, तुला काय हवंय ते माग." आता अशा वेळी बायकोनं 'मला काय हवं असणार' असं म्हणायचं असतं. इतकी वर्षं ती तसंच म्हणत आली. त्या दिवशी मात्र हातातला डाव भांड्यात ठेवून ती म्हणाली, "मला एकदा आपोआप जाग येईपर्यंत झोपायचंय. कुणी उठवायचं नाही."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी घरात "आई, माझा डबा", "अगं, माझा मोजा", आणि शाळेत दिवसभर "बाई, यानं मला ढकललं". सुट्टीच्या दिवशी शाळा नसते, पण मोजे असतातच. तरी मी म्हटलं, "हात्तिच्या, झोप ना! कुणी अडवलंय?" त्यावर आमची कन्या, जी कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी फक्त भुवयांनी बोलते, तिनं दोन्ही भुवया वर केल्या.

साडू म्हणाले, "ताई, झोप हवी तर समुद्राकाठच्या जंगलात. तंबू ठोकायचा, लाटांचा आवाज ऐकायचा, अशी झोप लागते की बस्स! माझा तंबू घेऊन जा. चार माणसांचा आहे." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "पण साडूभाऊ, तुमच्याच्यानं काही तो उभा व्हायचा नाही."

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच केलं असतं. मी जाहीर केलं की पुढच्या शनिवारी मी हिला जंगलात नेणार, तंबू मी ठोकणार, चहासुद्धा मी करणार, आणि ही झोपणार. साडू म्हणाले, "ठीक आहे. रविवारी सकाळी मी स्वतः येतो तंबू न्यायला. घडी घालणं तर तुम्हाला मुळीच जमायचं नाही. आणि हो, कापडाला ओरखडासुद्धा नको."

सराव म्हणून मी तंबू आधी घरातच उभा केला. सूचनांचा कागद होता, पण त्यातली चित्रं बघून माणसाचा आत्मविश्वास जातो, म्हणून तो बाजूला ठेवला. दोऱ्या सोफ्याच्या पायांना आणि शोकेसच्या कडीला बांधल्या. तंबू झकास उभा राहिला. फक्त तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आला, आणि कुठं कशाला बांधलंय हे मला आठवेना, म्हणून आठवडाभर तो तसाच राहिला. सुदैवानं त्याला दोन दारं होती, एक पुढं आणि एक मागं. घराच्या दारातून आलेला माणूस पुढच्या दारानं तंबूत शिरायचा आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात निघायचा. गैरसोय अशी काही नव्हती. बायकोला मात्र चहाचा ट्रे घेऊन वाकून जावं लागायचं, आणि चहाचे ट्रे त्या आठवड्यात फार झाले.

कारण सल्लागार. आपल्याकडे तंबू आहे ही बातमी बाहेर फुटली की काय होतं हे ज्याच्याकडे तंबू नाही त्याला कळणार नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरसाहेब पहिल्याच संध्याकाळी आले, तंबूत बसले, चहा घेतला, आणि दोरीवर टिचकी मारून म्हणाले, "ताण चुकलाय." नोकरीत त्यांनी पूल बांधले, त्यातला एक अजून उभा आहे. समोरच्या मावशी आल्या. त्यांनीही तंबूत बसून चहा घेतला आणि सांगितलं की तंबूभोवती जाड मीठ टाकायचं, म्हणजे सरपटणारं काही फिरकत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं? मीठ टाकल्यावर कधी साप आलेला पाहिलायत का तुम्ही?"

तेवढ्यात वनखात्याच्या परवानगीचं निघालं. तिथं मी छाती काढून गेलो. कारण मी स्वतः बांधकाम परवानगीच्या खात्यात आहे. त्रुटी काढणं हे माझं काम. माझ्या टेबलावरून एखादी फाईल पहिल्याच खेपेला पुढं गेली असं आजवर झालेलं नाही. झालं तर मला रात्री झोप लागणार नाही. तेव्हा वनखात्यातला कारकून मला काय शिकवणार?

त्यानं शिकवलं. चष्म्यावरून बघत तो म्हणाला, "आराखडा कुठाय?"

"तंबूचा आराखडा?"

"निवारा आहे ना? मग आराखडा लागतो. लांबी, रुंदी, दारं, खिडक्या."

मी घरी येऊन प्रमाणबद्ध आराखडा काढला. इंजिनिअरसाहेबांनी त्यावर उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. दुसऱ्या दिवशी कारकुनानं तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला. त्याचं बोट कागदावर फिरत होतं. शेवटी बोट थांबलं. "दोन दारं?"

"हो. पुढचं आणि मागचं."

"तात्पुरत्या निवाऱ्याला एकच दार. दोन दारं म्हणजे सार्वजनिक मंडप. त्याची परवानगी त्या टेबलावर." त्यानं दाखवलेल्या टेबलावर पंखा चालू होता आणि खुर्ची रिकामी होती. "ते टेबल रजेवर आहे."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. मनात म्हटलं, वा! याला म्हणतात त्रुटी! शनिवार तोंडावर आला होता. मी तिथंच खिशातून पेन काढलं, मागच्या दारावर काट मारली, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: खिडकी. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं शिक्का मारला. शिक्का बसला की विषय संपला. त्या क्षणापासून मागचं दार ही खिडकी झाली, आणि मी घरातही सगळ्यांना तसंच म्हणायला लावलं. नाहीतर जंगलात कुणी विचारलं की घरची माणसंच तोंडघशी पाडतात.

बायको ट्रे घेऊन वाकत म्हणाली, "जरा सरका हो, मला खिडकीतून जायचंय."

कुलूपही त्याच संध्याकाळी आणलं. दार आहे म्हणजे कुलूप हवं. चेनच्या दोन मुठींमध्ये अडकेल असं छोटंसं, दाबलं की बसणारं. दुकानदार म्हणाला, सुटं मिळत नाही, जोडीच घ्या. दोन्हींना किल्ली एकच. घेतली जोडी.

आता जायचं कसं? आमच्याकडे गाडी नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "माझी आहे की! तुम्हाला सोडतो, जरा ताणही बघतो." सल्ला दिला की माणूस त्याच्या मागोमाग येतोच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गाडीत पाच जागा, कन्या आणि इंजिनिअरसाहेब धरून आम्ही चार. मावशी म्हणाल्या, "एक जागा उगाच फुकट जाणार." आणि मिठाची पिशवी घेऊन त्या मधोमध बसल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अगं, ती दोघं संध्याकाळी परत जातील." ती म्हणाली, "मी काही बोलले का?"

जागा मात्र छान होती. सुरूची उंच झाडं, खाली मऊ काडीकचरा, आणि झाडांच्या पलीकडे समुद्र. बायको गाडीतून उतरली आणि डोळे मिटून नुसती उभी राहिली. एवढ्यात मावशी म्हणाल्या, "अगं, चहाचं काय?" मी लगेच पुढं झालो, कारण चहा मी करणार होतो. पण तंबूही मीच ठोकणार होतो, आणि एका माणसाला दोन हात. म्हटलं, "फक्त तेवढा चहा टाकतेस? पुढचं सगळं मी." तिनं चहा टाकला. मग इंजिनिअरसाहेबांना रिकाम्या पोटी चहा चालत नाही असं निघालं, म्हणून अंडी उकडली. मग अंडी आहेत तर बटाटेही उकडा असं ठरलं. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. निदान मी एकट्यानं नाही.

इकडे तंबू. घरात सोफा होता, शोकेस होती. जंगलात काय आहे? खुंट्या वाळूत घातल्या की लोण्यात सुरी जावी तशा आत जायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. इंजिनिअरसाहेब "ताण! ताण!" म्हणून ओरडत होते. मावशींनी तंबू उभा राहायच्या आधीच मिठाचं रिंगण आखून टाकलं, त्यामुळं तंबू त्या रिंगणातच बसवावा लागला. समुद्राच्या दमट हवेनं मिठाचं पाणी झालं आणि त्याला मुंग्या लागल्या. मीठ आणि मुंग्या! मावशी म्हणाल्या, "बघा, साप नाही आला." एकदाचा तंबू उभा राहिला, जरा समुद्राकडे झुकलेला. बायको चुलीसारख्या गरम झालेल्या स्टोव्हपाशी घाम पुसत बसली होती. मी म्हटलं, "बघ, झाला की नाही? आता खुशाल झोप." ती उठून तंबूत गेली, आणि आडवी होते न होते तोच मावशी आत डोकावल्या, "झोपलीस का गं? नाही म्हटलं, समुद्र बघून येऊ सगळे, उजेड आहे तोवर."

निघताना मी अर्धी चड्डी घातली. समुद्रावर जायचं म्हणजे अर्धी चड्डी. पँटची घडी घालून नीट उशाशी ठेवली, सगळ्यांच्या पिशव्या, स्टोव्ह, जेवण आत सरकवलं, पुढची चेन लावली आणि कुलूप दाबलं. टक्क! काय समाधानाचा आवाज होता!

कन्या म्हणाली, "बाबा, मागच्या दाराला?"

"ती खिडकी आहे," मी म्हटलं. "खिडकीला कुणी कुलूप लावतं का?"

समुद्र पाहिला. समुद्र नेहमीसारखाच होता. परत आलो, सगळ्यांना भूक लागलेली, आणि मी किल्लीसाठी खिशात हात घातला. अर्ध्या चड्डीला खिसा नव्हता. किल्ली पँटच्या खिशात, पँट उशाशी, उशी तंबूत.

त्यानंतर जे झालं त्याला इंजिनिअरसाहेब 'मोहीम' म्हणतात. कापड कापायचा प्रश्नच नव्हता. सकाळी साडू ओरखडे मोजायला हजर होणार होते. दोन मुठींच्या मधून बोट जाईल एवढी फट होती. इंजिनिअरसाहेबांनी लांब काडी आत घालून पँट ओढण्याचा प्रयत्न केला. काडीला माझा बनियन लागला. तो त्यांनी विजयी मुद्रेनं बाहेर काढला आणि आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मग खुंट्या उपटून तंबू एका बाजूनं उचलायचा, म्हणजे पँट घरंगळत फटीशी येईल, असं ठरलं. मी एक कोपरा उचलला, मावशींनी दुसरा. आतून स्टोव्ह पातेल्यावर आपटल्याचा आवाज आला. पँट आली नाही.

बायको हे सगळं एका ओंडक्यावर बसून बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुणी काही करायला सांगितलेलं नव्हतं. शेजारी कन्या. कन्येनं एकदा तोंड उघडलं होतं, पण आईनं तिचा हात दाबलेला मी ओझरता पाहिला. तेव्हा मला वाटलं, धीर देतेय.

शेवटी मावशी दमून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "निदान चहा तरी झाला असता." आणि का कोण जाणे, आम्ही तिघांनीही वळून बायकोकडे पाहिलं.

ती उठली. शांतपणे तंबूला वळसा घालून मागं गेली. सर्रकन चेन उघडल्याचा आवाज आला. आम्ही धावत मागं गेलो, तर ती आत, हातात माझी पँट, आणि पँटमधून काढलेली किल्ली.

"अगं, तू खिडकीतून...?"

"आठवडाभर याच खिडकीतून तुमच्या सल्लागारांना चहा नेत होते," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. त्या हातात एक पिशवी आली. पाव, केळी आणि डासांचं मलम. पँट आली नाही. मग चेन वर सरकली आणि तिच्या मुठी आत ओढल्या गेल्या. पाठोपाठ आवाज आला: टक्क. जोडीतलं दुसरं कुलूप.

"अहो," आतून आवाज आला, "मी झोपले. कुणी उठवायचं नाही."

पुढून बाहेरून कुलूप, मागून आतून कुलूप, आणि किल्ली तिच्याकडे. माझ्या खात्यात इतका चोख बंदोबस्त असलेली वास्तू मी आजवर पाहिलेली नाही. इंजिनिअरसाहेब अंधारात गाडी चालवत नाहीत, त्यामुळं परत जाणं राहिलं. रात्री मावशी आणि कन्या गाडीत झोपल्या. इंजिनिअरसाहेब आणि मी वनखात्याच्या छपराखालच्या बाकावर. त्यांच्या घोरण्यात मात्र ताण अचूक होता.

सकाळी वनरक्षक आला. काखेत माझा आराखडा. "चला, तंबू उठवा. जागा रिकामी करायची वेळ झाली. आधी आतून तपासणी." तो तंबूकडे निघाला, आणि झाडांच्या पलीकडून एक गाडी येताना दिसली. साडूंची. ते गाडी चालवताना हॉर्न श्वासासारखा वापरतात. मी अर्ध्या चड्डीत, दोन्ही हात पसरून गाडीपुढं धावलो.

"अहो, मरायचंय का?" साडू खिडकीतून ओरडले.

"हळू! ती झोपलीय."

साडूंनी कललेला तंबू पाहिला, कुलूप पाहिलं, माझे उघडे पाय पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश आनंद पसरला. "म्हणजे बायकोनं बाहेर काढलं तुम्हाला! नव्हतो म्हणत, तुमच्याच्यानं होणार नाही?"

काय सांगू, अंगाचा तिळपापड झाला. एक हाक मारली असती तर ती बाहेर आली असती, पँट मिळाली असती, आणि चार माणसांत निदान कमरेखालची अब्रू वाचली असती. हाक अगदी ओठावर आली होती. तेवढ्यात तंबूतून कूस बदलल्याचा बारीकसा आवाज आला, आणि मग एक लांब, संथ श्वास. असा श्वास मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. मी हाक गिळली.

"हो," मी साडूंना म्हटलं. "काढलं बाहेर. तुम्ही जरा तिकडं त्या ओंडक्यावर बसा."

आणि वनरक्षकाकडे वळलो. हलक्या आवाजात विचारलं, "तपासणीची नोटीस?"

"कसली नोटीस?"

"राहत्या निवाऱ्याची तपासणी रहिवाशाच्या समक्ष होते. रहिवासी कुठाय?"

"आत आहेत ना? मग उठवा."

"दारं किती?" मी आराखड्यावर बोट ठेवलं.

"एक."

"त्याला कुलूप कुठून?"

"बाहेरून."

"म्हणजे तुमच्याच शिक्क्याच्या कागदाप्रमाणे आत कुणी असूच शकत नाही. आणि असेल, तर एका बाईला बाहेरून कुलूप घालून कोंडलंय, आणि तेही तुमच्या जागेत, तुमच्या देखत. ही नोंद तुमच्या सहीनं करायची का वरिष्ठांच्या?"

वनरक्षकानं आराखडा पुन्हा काखेत घातला. तो म्हणाला, वरिष्ठांना विचारून येतो. मी म्हटलं, सावकाश या. तो आला तेव्हा मी विचारलं, वरिष्ठांनी हे तोंडी सांगितलं का लेखी? तो परत गेला. मावशी बोलायला लागल्या की कन्या त्यांच्या तोंडात केळं द्यायची. इंजिनिअरसाहेबांना मी दोऱ्यांचा ताण मोजायला बसवलं, मुकाट्यानं. मी जन्मभर लोकांना ताटकळत ठेवत आलो, पण त्याचा कुणाला असा फायदा होताना पहिल्यांदाच पाहत होतो. वनरक्षक तिसऱ्यांदा जाताना मला 'साहेब' म्हणाला.

ऊन चांगलं वर आलं. मग मागून टक्क आवाज झाला, आणि सर्रकन चेन.

ती खिडकीतून बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या वळ्या, आणि डोळे असे की जणू कुणीतरी ते धुऊन परत बसवलेत. तिनं कुणाला काही विचारलं नाही. उभ्या उभ्या एक मोठा आळस दिला आणि समुद्राकडे बघत राहिली. मला वाटलं, आता माझं काहीतरी कौतुक होणार. निदान पँट तरी.

साडूंना राहवलं नाही. "मग ताई, कसा वाटला आमचा चार माणसांचा तंबू?"

"झकास," ती म्हणाली. "पुढच्या वेळी एका माणसाचा मिळतो का बघा."

सगळे हसले. मीही हसलो. यावेळीही ती हसली नाही.

म्हणून काल ऑफिसातल्या साहेबांची परवानगी काढून अर्धा दिवस वनखात्यात गेलो. नवा आराखडा आधीच करून नेला होता. लहानसाच आहे, एका माणसाचा. कारकुनानं तो उलटासुलटा केला, बोट फिरवलं आणि विचारलं, "दार?"

"एक."

"कुलूप?"

"आहे," मी म्हटलं. "आतून."